काउंटरवरचा अपमान, अडकलेला ॲडव्हान्स आणि न मिळालेली फाइल

प्रश्न : मी पुण्यात धायरीत राहते, पतसंस्थेत नोकरी करते. वजन ११८ किलो, उंची ५ फूट ५ इंच. मधुमेह आहे आणि झोपेत श्वास अडकतो. शहरातल्या एका बॅरिॲट्रिक (लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांच्या) सेंटरमध्ये स्लीव्हचं, म्हणजे जठर लहान करण्याचं ऑपरेशन ठरलं आणि ६० हजार रुपये ॲडव्हान्स भरला. पैसे भरेपर्यंत गोड बोलणाऱ्या को-ऑर्डिनेटर मॅडम नंतर फोन उचलेनात. मेडिक्लेमचे कागद दोनदा देऊनही त्यांनी पुढे पाठवले नाहीत. वेटिंगमध्ये माणसं भरलेली असताना 'एकशे अठरावाल्या कोण?' असं ओरडून विचारलं. मी तारखेबद्दल बोलले तर 'आधी तोंड आवरा, मग तारखेचं बघू' म्हणाल्या. नणंद सोबत होती. दोन आठवडे लिक्विड डाएट केल्यावर आदल्या संध्याकाळी ऑपरेशन रद्द झाल्याचा मेसेज आला, कारण नाही. डॉक्टरांना भेटू दिलं नाही. पैसे मागितले तर पावतीवरचं 'ॲडव्हान्स परत मिळणार नाही' दाखवलं. एन्डोस्कोपीचा रिपोर्ट मागितला तर 'फाइल सेंटरची असते' म्हणाल्या. रागात मी गूगलवर रिव्ह्यू लिहिला, त्यात 'लुटारू आहेत, इथे माणसं मारतात' असंही लिहिलं. आता त्यांच्या वकिलाची अब्रूनुकसानीची नोटीस आली आहे. मिस्टर म्हणतात, मी जाऊन बघतोच एकेकाला. उद्धट वागण्याबद्दल केस करता येते का? पैसे मिळतील का? रिव्ह्यू काढून टाकू का?

उत्तर : ताई, आधी मिस्टरांना घरी बसवा. महाराष्ट्रात डॉक्टर आणि दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणणं हेसुद्धा त्यातल्या 'हिंसे'च्या व्याख्येत बसतं. म्हणजे हात उचलायचीही गरज नाही. काउंटरवर आरडाओरडा झाला की आज तक्रारदार असलेलं तुमचं घर उद्या आरोपीचं होईल आणि तुमचे ६० हजार बाजूलाच राहतील. सेंटरला याहून सोयीचं दुसरं काही नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. निव्वळ उद्धटपणाबद्दल केस करून फारसं काही हाती लागत नाही. पोलीस चौकीत गेलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२, म्हणजे शांतताभंग व्हावा या हेतूनं केलेला अपमान, लावून एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहितील आणि कागद हातात देतील. तिथून पुढे सहसा काही हलत नाही. स्त्रीच्या विनयाचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी कलम ७९ आहे, पण 'तोंड आवरा' हे कितीही जिव्हारी लागलं तरी त्यात ओढून बसवावं लागेल. माझं मत विचाराल तर त्या वाटेला जाऊ नका.

पण पत्र पुन्हा वाचा. त्यात टोमण्यांखाली बरंच काही झाकलं गेलंय. कागद पुढे गेले नाहीत, ऑपरेशन कारण न देता रद्द झालं, डॉक्टर भेटले नाहीत, पैसे अडवले, रिपोर्ट अडवला. या पाचही गोष्टी मॅडम अगदी मधाळ आवाजात बोलल्या असत्या तरी कायद्यापुढे तेवढ्याच चुकीच्या ठरल्या असत्या. तक्रार यांच्यावर उभी करायची. अपमान तिच्यात येईलच, मानसिक त्रासाच्या भरपाईचा आधार म्हणून. माझ्याकडे येणारे बहुतेक पक्षकार नेमकं उलट करतात. चार पानं 'ती कशी बोलली' आणि पैशांबद्दल शेवटी एक ओळ.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या बरीच रुंद आहे. सेवेचा दर्जा, स्वरूप आणि ती देण्याची पद्धत यांतली उणीव तर त्यात येतेच, शिवाय ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती जाणूनबुजून न देणंही येतं. ऑपरेशन का रद्द केलं हे न सांगणं मी याच खाली धरेन. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवलं आणि ते आजही कायम आहे. (आम्ही वकील मात्र मे २०२४ च्या निकालानं या कायद्यातून सुटलो. डॉक्टर मित्र भेटले की हे ऐकवतात, आणि त्यांचं चुकतंय असंही नाही.)

इथे सेंटरची बाजूही बघून ठेवा, कारण ती मांडली जाणारच. ऑपरेशन आयत्या वेळी पुढे ढकलण्याला खरी वैद्यकीय कारणं असू शकतात. साखर आटोक्यात नसणं, भूलतज्ज्ञांनी फिटनेस न देणं, ऐनवेळी ताप. लिक्विड डाएटही शिक्षा म्हणून देत नाहीत. त्यानं यकृताचा आकार कमी होतो आणि दुर्बिणीतून जठरापर्यंत पोचणं सोपं जातं. 'आधी थोडं वजन उतरवा' हे डॉक्टरांनी केबिनमध्ये सांगितलं तर तो सल्ला आहे. म्हणून रद्द करण्याचं कारण लेखी मागा. वैद्यकीय कारण होतं तर ते तुमच्या फाइलमध्ये त्या दिवशीच्या तारखेनं नोंदलेलं असलं पाहिजे. नोंद नसेल आणि तुमची नोटीस गेल्यावर अचानक उगवली, तर तिच्यावर उलट प्रश्न विचारता येतात.

फाइलबद्दल 'ती सेंटरची असते' हे साफ चूक आहे. मूळ कागद त्यांनी ठेवावेत, प्रत तुमची. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागणी केली की ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्यायच्या. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण ते त्याच महिन्यात स्थगित झाले आणि जुनेच पुन्हा लागू झाले. त्याही आधी, १९९६ च्या रघुनाथ रहेजा प्रकरणात, मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं होतं की रुग्णाचेच केसपेपर त्याला नाकारताना गोपनीयतेची सबब चालत नाही. तेव्हा उद्याच एक अर्ज करा. एन्डोस्कोपी, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, आहारतज्ज्ञाचे कागद, डॉक्टरांच्या नोंदी, सगळ्याची प्रत मागा. ईमेल करा आणि स्पीड पोस्टानेही पाठवा. काउंटरवर देत बसू नका, पोच मिळणार नाही. तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर तुमच्या हातात अशी एक त्रुटी आली जी सिद्ध करायला साक्षीदारही लागत नाही.

त्याच २००२ च्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे. कोणाला रुग्ण म्हणून घ्यायचं हे डॉक्टर ठरवू शकतो, पण एकदा केस हाती घेतली की रुग्णाकडे दुर्लक्ष करता येत नाही आणि पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय अंग काढून घेता येत नाही. मॅडमची वैद्यक परिषदेकडे नोंदणी नसते, त्यामुळे महाराष्ट्र वैद्यक परिषद त्यांना काहीही करू शकणार नाही. सर्जनची असते. 'मला काउंटरवरचं माहीत नव्हतं' हे म्हणणं नोकराच्या कृत्याबद्दल मालकाला जबाबदारीतून सोडवत नाही, निदान ग्राहक आयोगापुढे तरी. परिषदेकडे तक्रार करायची की नाही हे रेकॉर्ड मिळतंय का ते बघून ठरवा. तिथे पैसे मिळत नाहीत आणि वेळ बराच जातो.

आता पैसे. पावती काढा आणि दोन गोष्टी बघा. पावती कोणाच्या नावाची आहे, आणि यूपीआयचे पैसे कोणाच्या खात्यात गेले. हे विचारण्याला कारण आहे. या शस्त्रक्रियांच्या बाबतीत तपासणी एका क्लिनिकमध्ये, ऑपरेशन दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये आणि पैसे तिसऱ्याच कंपनीच्या किंवा डॉक्टरांच्या वैयक्तिक खात्यात, असं अनेकदा असतं. चुकीच्या माणसाला प्रतिपक्ष केलंत तर वर्षभरानं 'आमचा संबंध नाही' असं उत्तर येतं. म्हणून पावतीवरचं नाव, खातेदाराचं नाव आणि सर्जन, तिघांनाही प्रतिपक्ष करा. हॉस्पिटलनं तुमच्याकडून काही घेतलं नसेल आणि तारीखही क्लिनिकनंच दिली-रद्द केली असेल तर त्याला उगाच ओढू नका.

'ॲडव्हान्स परत मिळणार नाही' असं छापलं म्हणजे विषय संपत नाही. सेवा दिलीच नाही आणि ती न देण्याला तुम्ही जबाबदार नाही, तर ते पैसे ठेवून घ्यायचा हक्क छापील ओळीतून येत नाही. मात्र सगळेच्या सगळे ६० हजार परत येतील अशी आशाही धरू नका. झालेल्या तपासण्या आणि सल्ल्याची फी ते वजा मागतील, आणि ती वाजवी असेल तर आयोग मान्यही करेल. त्यासाठी हिशेब आणि बिल मागा. दिलेल्या सेवेचं बिल न देणं हीच मुळी कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. एक तांत्रिक सावधगिरी. तक्रारीत त्या ओळीला 'अनुचित करार' म्हणून आव्हान देऊ नका. तसा दावा जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. तुमचं काम 'त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' एवढ्यातच भागतं.

'एकशे अठरावाल्या' या हाकेबद्दलही याच कायद्यात एक जागा आहे. ग्राहकानं विश्वासानं दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला उघड करणं हीही अनुचित प्रथा. वजन ही दवाखान्याला दिलेली माहितीच आहे. मी हा मुद्दा घेईन, पण सगळी भिस्त त्यावर ठेवणार नाही. नणंदेचं प्रतिज्ञापत्र मात्र लावा, आणि तिला आजच तारीख, वेळ, नेमके शब्द लिहून ठेवायला सांगा. सहा महिन्यांनी आठवणीत भर पडत जाते आणि समोरचा वकील नेमकी तीच पकडतो.

मेडिक्लेमचं नुकसान तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला पॉलिसीत संरक्षण मिळायला प्रमाणित अटी आहेत. वय १८ च्या वर, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ४० किंवा जास्त. ३५ च्या वर असेल तर तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांसारखा आजार आणि आधीचे सौम्य उपाय फसलेले असणं. तुमचा बीएमआय ४३ च्या आसपास येतो, म्हणजे पहिल्या अटीतच बसता. तुमच्या पॉलिसीची प्रतीक्षा मुदत तेवढी तपासा. पण दाखल होण्याआधीच्या तपासण्यांचा खर्च पॉलिसी ठरावीक दिवसांपुरताच देते, बहुधा ३० किंवा ६०. त्यांच्या दिरंगाईमुळे तुमच्या तपासण्या त्या मुदतीबाहेर गेल्या तर तो खर्च तुमच्या अंगावर पडला. तो आकडा काढा आणि मागणीत घाला. कागद दिल्याचे व्हॉट्सॲप मेसेज आहेत ना? ते डिलीट करू नका, फोन बदलू नका. छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडू.

रिव्ह्यू. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, तेव्हा झोप उडवून घेऊ नका. पण तिच्यात थोडं तथ्य आहे. 'इथे माणसं मारतात' याला तुमच्याकडे काय आधार आहे? काही नाही. ते वाक्य आजच काढा, 'लुटारू'ही काढा. बाकीचं राहू दे. अमुक तारखेला इतके पैसे भरले, ऑपरेशन आदल्या संध्याकाळी रद्द झालं, कारण सांगितलं नाही, पैसे आणि रिपोर्ट दिले नाहीत. न्याय संहितेच्या अब्रूनुकसानीच्या कलम ३५६ मध्ये खऱ्या आणि लोकहिताच्या विधानाला अपवाद आहे. दोन्ही लागतं, नुसतं खरं पुरत नाही, आणि दुसऱ्या रुग्णांना सावध करणं लोकहितात बसतं. मॅडमचं नाव किंवा फोटो टाकू नका. बदल करण्यापूर्वी जुन्या मजकुराचा स्क्रीनशॉट ठेवा. नोटिशीला वकिलामार्फत एक पानी उत्तर द्या आणि त्यातच पैसे आणि फाइल मागा. त्यांनी पैसे परत करण्याच्या बदल्यात पूर्ण रिव्ह्यू काढायला सांगितलं, तर मी म्हणेन काढा, पण पैसे खात्यात जमा झाल्यावर.

क्रम असा ठेवा. फाइलचा अर्ज, मग १५ दिवसांची नोटीस, मग जिल्हा आयोग. जोडीला महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे एक अर्ज. शुश्रूषागृह नोंदणीचे नियम जानेवारी २०२१ मध्ये बदलले, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि दर लावणं खासगी हॉस्पिटलांना बंधनकारक आहे. सेंटरमध्ये खाटा नसतील, नुसतं क्लिनिक असेल, तर हा अर्ज फारसा चालणार नाही.

आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जायचं असतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही, ऑनलाइन दाखल करता येते आणि तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते, म्हणजे पुण्यातच. वकील सक्तीचा नाही. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये याच शहरातून सुरू केली. तिचे कार्यकर्ते मसुदा बघून देतात, आणि १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहेच. कायदा तीन महिन्यांत निकाल म्हणतो. तेवढ्यात लागणार नाही हे धरून चाला.

आणि या केससाठी ऑपरेशन थांबवू नका. फाइलची प्रत आली की दुसऱ्या सर्जनचं मत घ्या, कॅशलेसचा अर्ज तिथून नव्यानं करा. तिथे पैसे भरण्याआधी रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्या, पावती ज्या नावाची त्याच खात्यात पैसे भरा.