वितळलेलं मेण न सांडता, नीट कसं ओतावं?

तुम्ही विचारलंय की दिवाळीसाठी काचेच्या ग्लासात मेणबत्त्या करताना मेण भांड्याखाली ओघळतं, ग्लासाच्या आतल्या बाजूला पांढरे डाग पडतात, वर वातीजवळ खड्डा पडतो. हात स्थिर नसल्यामुळे असं होतं का? मी अमळनेरला घरीच मेणबत्त्या करते, दिवाळीला आणि नाताळलाही. हाताचा दोष यात फार थोडा असतो. मेण किती गरम आहे, भांड्याची चोच कशी आहे आणि ग्लास किती गार आहे, या तीन गोष्टींवर बहुतेक सगळं ठरतं.

आधी ओघळण्याचं पाहू, कारण जास्त त्रास त्याचाच. कपातला चहा बशीत अगदी हळू ओतला की तो कपाच्या बाहेरून बुडाकडे उतरतो, हे आपण रोज बघतो. मेणाचंही तेच होतं. धार बारीक आणि संथ असली की ती काठाला चिकटून भांड्याच्या पोटाशी वळते. मी शिकत होते तेव्हा सासूबाई शेजारी बसून सांगायच्या, "हयूहयू वत व माय", म्हणजे हळूहळू ओत गं बाई. त्यांची काळजी खरी होती, उकळतं काही ओतताना आपण सगळेच असं सांगतो. पण मेण हळू ओतलं की जास्त सांडतं. सुरुवात ठाम करा, धार पेन्सिलीएवढी जाड आणि एकसारखी ठेवा, आणि थांबताना भांड्याची चोच पटकन वर उचला. रेंगाळत थांबलात की शेवटचा थेंब हमखास खाली पळतो.

भांडं बदलून पाहा. गोल, जाड काठाच्या पातेल्यातून कोणीच नीट ओतू शकत नाही. मी चहावाल्यांकडे असते तशी अ‍ॅल्युमिनियमची छोटी किटली वापरते. तोटीचं टोक पातळ, धारदार असलं की मेण तिथेच तुटतं. किटली नसेल तर पातळ पत्र्याचा स्टीलचा मग घ्या आणि पकडीने काठाला चोच काढा. दर दोन-तीन ग्लासांनंतर चोच सुती फडक्याने पुसा. तिथे गोठलेला मेणाचा एक कण धारेला आडवा येतो आणि पुढची धार वाकडी पडते.

आता एक गोष्ट, जी मला बऱ्याच उशिरा समजली. मेण आपण थेट गॅसवर नाही, पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून वितळवतो. ते भांडं उचलून ओतायला लागलं की बुडाला लागलेलं पाणी थेंबाथेंबाने ग्लासात पडतं. मग मेणबत्ती जळताना तडतडते, वात विझते, आणि आपण वातीला दोष देतो. ओतण्याआधी किटलीचं बूड आणि बाजू कोरड्या फडक्याने पुसा. मांडे करताना खापर तापलं का हे पाण्याचा शिंतोडा मारून कळतं, पण मेणाच्या बाबतीत असं कधीच करू नका. तापलेल्या मेणात पाणी पडलं तर ते अंगावर उडतं.

तापमानासाठी स्वयंपाकघरातला थर्मामीटर घ्याच, अंदाजावर राहू नका. आपल्याकडे सहसा 58-60 अंशांना वितळणारं पॅराफिन मेण मिळतं. ते 80 अंशांच्या आसपास नेऊन पूर्ण पारदर्शक करा आणि गॅस बंद करून थोडं उतरू द्या. काचेच्या ग्लासात ओतायला मला 65 ते 70 अंश बरं वाटतं. त्याहून गरम असलं की आकसणं वाढतं आणि खड्डा मोठा पडतो. भांड्याच्या कडेला पांढरा पापुद्रा दिसू लागला की उशीर झालाय असं समजा आणि मेण पुन्हा गरम करा, कारण असं मेण वळ्या घेत गोठतं. बारीक मेणबत्त्यांच्या दुभागी अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात मात्र 75-80 अंशांचं ओतते, आधी साच्याला आतून तेलाचा पुसट हात देते आणि भरून झाल्यावर साचा गार पाण्यात ठेवते. धातू उष्णता लवकर खेचतो, म्हणून मेण तिथे जरा जास्त गरम लागतं. सोया मेण याहून बरंच कमी तापमानाला वितळतं, त्याला हे आकडे लावू नका.

तुमचे डाग बहुधा गार ग्लासाचे आहेत. एका डिसेंबरात नवापूरच्या एका ओळखीच्या कुटुंबाची नाताळची मागणी आली होती. आमच्याकडे थंडीत पहाटे काचेला हात लावला तर बोटं आखडतात. तशा ग्लासांत मी मेण ओतलं. प्रत्येकाला कडेने आडव्या रेघा आल्या आणि मेण काचेपासून जागोजागी सुटलं. सगळे ग्लास मला पुन्हा नव्याने भरावे लागले. तेव्हापासून मी ग्लास दुपारी गच्चीवर उन्हात तासभर उलटे ठेवते आणि हाताला कोमट लागतील तेव्हाच भरते. ऊन नसेल तर गरम पाण्यात बुडवून पूर्ण कोरडे करा. जाड काच तर गार असताना गरम मेणाने तडकू शकते.

उन्हाळ्यात वेगळीच अडचण असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात जातो, दुपारी घरातही मेण तासन्‌तास मऊ राहतं. त्या दिवसांत मी पहाटे पाचला बसते. पंखा बंद ठेवावा लागतो, अंगाला धारा लागतात, पण वाऱ्याने मेण एका बाजूने आधी गोठतं आणि पृष्ठभाग वाकडा होतो.

खड्ड्याबद्दल. पॅराफिन गोठताना आकसतं, त्यामुळे एकदाच काठापर्यंत भरून काम संपवू नका. ग्लास 200 मिलीचा असेल तर 180 ते 200 ग्रॅम मेण वितळवा आणि त्यातलं थोडं मागे ठेवा. वरचा थर घट्ट झाला पण आतून अजून ऊब आहे, अशा वेळी विणकामाच्या सुईने वातीभोवती तीन-चार भोकं पाडा, म्हणजे आतली पोकळी उघडी होते. मागे ठेवलेलं मेण पहिल्यापेक्षा चार-पाच अंश जास्त गरम करून त्या भोकांत भरा, पण पहिल्या थराच्या रेषेच्या वर जाऊ नका. वर गेलात तर ते मेण आणि काच यांच्या फटीत शिरतं आणि कडेला डाग पडतात. हे वाचलंत तरी पहिल्यांदा थोडं जास्त पडेलच.

वात मधोमध उभी ठेवायला कपड्यांचा चिमटा ग्लासावर आडवा ठेवा. सगळे ग्लास एका परातीत मांडून ओता. सांडलेलं मेण गोठल्यावर परातीतून सुटतं आणि पुन्हा वापरता येतं. उरलेलं मेण मोरीत कधीही टाकू नका, पाईप तुंबतो. ओट्यावर पडलेलं गोठू द्या आणि जुन्या एटीएम कार्डाने खरवडा.

सुरक्षेबाबत मी हट्टी आहे. मेणातून धूर येऊ लागला तर ते फारच तापलंय, ताबडतोब गॅस बंद करा. पेट घेतला तर झाकण घाला, पाणी अजिबात नाही. सुती कपडे घाला, नायलॉनची साडी नको, आणि लहान मुलं स्वयंपाकघराबाहेर.

तुमचे बिघडलेले ग्लास टाकू नका. तळाला फडकं घातलेल्या पातेल्यात ग्लास ठेवा, ग्लास बाहेरून निम्म्याच्या वर बुडेल एवढं गार पाणी पातेल्यात घाला आणि मंद आचेवर तापवा. मेण पातळ झालं की चिमट्याने वात काढा, मेण गाळून किटलीत घ्या आणि नवीन वात लावून त्याच ग्लासात, तो कोमट असतानाच, पुन्हा ओता.