पालक विचारतात : ‘मलाच येत नाही, त्याला काय शिकवू?’

प्रश्न : मुलगा नववीत आहे. सहामाहीत भूमितीत बरे गुण आहेत, पण बीजगणितात नापास. ३क्ष + २ चं उत्तर ५क्ष लिहितो. त्याचे बाबा शिकवायला बसले की दहा मिनिटांत आवाज चढतो. माझं स्वतःचं गणित कच्चं. घरी काय करता येईल?
– एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, बाबांना त्या अर्ध्या तासात भाजी आणायला पाठवा. तुम्ही बसा. गणित कच्चं असलं तरी चालेल, कारण तुम्हाला शिकवायचं नाहीये, ताळा मागायचाय.

३क्ष + २ म्हणजे ५क्ष, असं तो म्हणतो ना? मग क्षच्या जागी ४ घाल म्हणावं. एकीकडे १४ येतात, दुसरीकडे २०. तुम्ही काही बोलायचं नाही, त्याचा त्यालाच घोळ दिसेल. ३(क्ष + ४) म्हणजे ३क्ष + ४ लिहिलं तरी हेच करायचं. फक्त क्षला ०, १ किंवा २ देऊ नका, हे आकडे दगा देतात. १ घातलात तर ३क्ष + २ आणि ५क्ष दोन्ही ५ येतात नि चुकीचं उत्तर बरोबर ठरतं. २ घातलात तर क्षचा वर्ग आणि २क्ष सारखेच. ३ किंवा ५ घ्या.

समीकरणांत बहुतेक मुलं एकाच वाक्यामुळे अडखळतात : ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं.’ हे वाक्य पाठ झालेला मुलगा ३क्ष = १२ वरून क्ष = १२ – ३ = ९ लिहितो, आणि त्याच्या दृष्टीनं त्यानं नियम पाळलेला असतो. वर्गात मी हे वाक्य उच्चारायला बंदी घातली होती. दोन्ही बाजूंना ३ ने भागलं, दोन्ही बाजूंतून १० वजा केले, असं प्रत्येक ओळीपुढे शब्दांत लिहायला लावा. कंटाळेल, कुरकुर करेल. लिहू दे.

सुरुवात मात्र पुस्तकातून नको. ‘तीन वह्या आणि १० रुपयांचं पेन, मिळून १०० झाले, वही केवढ्याला?’ असं विचारा. ३० म्हणून तोंडी सांगेल. मग विचारा, आधी काय केलंस? १० काढले, मग ३ ने भागलं. तेच ३क्ष + १० = १०० खाली उतरवायला सांगा.

त्याआधी एक चाचणी घ्या : –५ – ३ किती? ‘वजा वजा अधिक’ म्हणत +८ लिहिलं, तर दुखणं बीजगणिताचं नाही, पूर्णांक संख्यांचं आहे. गुणाकाराचा नियम तो बेरीज-वजाबाकीला लावतोय. वाण्याकडे ५ रुपये उधारी होती, आणखी ३ ची केली, एवढं पुरतं. हे पक्कं होईपर्यंत नववीच्या बहुपदींना हात लावू नका, शाळेत धडा कितीही पुढे गेलेला असो.

शिकवणीचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते : चाळीस मुलांच्या क्लासात त्याचं –५ – ३ कुणाला दिसणार नाही. आठवीचं पुस्तक रद्दीत गेलं असेल, तर बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. एका चलातल्या समीकरणांचा धडा काढा, रोज पाच गणितं, प्रत्येकाखाली ताळा.