‘तूच ठरव’ म्हणणारे खेळ

गेल्या अंकात मी गोष्ट सांगणाऱ्या छोट्या गेम्सबद्दल लिहिलं होतं. एखाद्या माणसाने किंवा मूठभर मित्रांनी मिळून केलेल्या या गेम्स. त्यात मारामारी कमी, बोलणं जास्त, आणि पुढे काय करायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतलीत. ‘मुलं बिघडतात, बंद करा हे सदर’ असं सांगणारं एक पत्रही आलंय. ते नीट जपून ठेवलंय.

माझा मुलगा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. रात्री लॅपटॉपवर एक गेम खेळतो, त्यात नुसते पासपोर्ट तपासायचे असतात. परवा गप्प गप्प होता म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘एका बाईला परत पाठवलं.’ धड जेवलाही नाही. खोट्या बाईचं एवढं मनाला लावून घ्यायचं? आणि याला खेळ तरी का म्हणायचं?
एक आई, निपाणी

ताई, वर्णनावरून हा ‘पेपर्स, प्लीज’ दिसतो. लुकास पोप नावाच्या माणसाने एकट्याने बनवलेला, 2013 चा. आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश आहे, साल 1982. शेजारच्या देशाशी सहा वर्षं चाललेलं युद्ध नुकतंच थांबलंय, ग्रेस्टिन नावाचं गाव दोन देशांत वाटलं गेलंय, आणि तुमचा मुलगा त्या गावच्या नाक्यावर खिडकीमागे बसलाय. माणूस येतो, कागद सरकवतो. फोटो, तारीख, गावाचं नाव, शिक्का ताडून बघायचं आणि हिरवा किंवा लाल ठसा उमटवायचा. जेवढी माणसं तपासाल तेवढा पगार. संध्याकाळी हिशेबाचं पान उघडतं. त्यात भाडं, जेवण, घर उबदार ठेवायचा खर्च, औषधं. घरात बायको, मुलगा, सासू आणि काका. पैसे पुरत नाहीत, म्हणून आज जेवण की औषध, हेही त्यालाच ठरवायचं असतं.

आता ती बाई. आधी तिचा नवरा येतो. त्याचे कागद चोख. जाता जाता सांगतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. ती येते, आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. परत गेले तर मला मारतील, म्हणते. कायदा म्हणतो लाल ठसा. सोडलंत तर चुकीची चिठ्ठी तुमच्या नावावर फाडली जाते.

इथे पोप यांची खरी करामत आहे. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ असतात, तिसरीपासून पैसे कापतात. सुरुवातीला वाटतं, नवशिक्याला दिलेली सवलत आहे. चार-आठ दिवस खेळलं की कळतं, या दोन माफ चुका म्हणजे आपल्याकडची सगळी दया. ती सकाळी सकाळी निष्काळजीपणात उडवली, तर दुपारी अशी बाई खिडकीशी आली की द्यायला हातात काही उरत नाही. सोडायचं म्हटलं तर घरातलं औषध कापलं जातं. तुमच्या मुलाचं बहुतेक तेच झालं असणार. पुस्तकात असं दुसऱ्या कुणाच्या हातून होतं, आपण हळहळतो आणि पान उलटतो. इथे ठसा त्याने स्वतः मारलाय.

तुम्ही निपाणीच्या, तुम्हाला महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका मी काय सांगणार? कोविडात कोल्हापूरहून परतताना आरटीपीसीआरचा रिपोर्ट हातात धरून आपण त्या रांगेत होतो. आपल्याला रांगेतलं तेवढं माहीत. हा गेम माणसाला खिडकीच्या आत बसवतो आणि आतल्यालाही घर आहे, वर साहेब आहे, हे विसरू देत नाही.

खोट्या बाईचं मनाला लागलं याची काळजी करू नका. लागलं नसतं तर मी केली असती. जेवणाचं मात्र तुमचं बरोबर आहे, आधी ताटावर बसवा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागत असेल तर तो झोपेचा प्रश्न, त्यात गेमची बाजू मी घेणार नाही. एकदा शेजारी खुर्ची टाकून बसा आणि म्हणा, आज कागद मी तपासते. धाकटी भावंडंही बघायला येणार असतील तर आधी सेटिंगमध्ये जाऊन नग्नता बंद करून घ्या, तशी सोय त्यात आहे.

आणि खेळ कशाला म्हणायचं? पोलंडमध्ये ‘धिस वॉर ऑफ माइन’ नावाचा 2014 चा गेम आहे, युद्धात अडकलेल्या साध्या नागरिकांचा. साराजेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. 2020 मध्ये तिथल्या सरकारने तो शाळांच्या अवांतर वाचनाच्या यादीत घालायचं जाहीर केलं. त्यात म्हातारा-म्हातारीच्या घरातून खाणं चोरता येतं, कुणी अडवत नाही. पण ज्याच्या हातून चोरी करवली तो माणूस नंतर खचतो, आणि ते आपल्याला बघत बसावं लागतं.

नातवाने एक गेम दाखवला. चार उत्तरांपैकी कुठलंही दिलं तरी गोष्ट शेवटी तिथेच जाते. मी मुद्दाम पुन्हा खेळून खात्री केली. मग निवड कसली? ही शुद्ध फसवणूक नव्हे?
निवृत्त शिक्षक, खानापूर

सर, पुन्हा खेळून ताळा केलात, म्हणजे गणित शिकवत असणार. तर मग गणितच मांडतो. प्रत्येक वळणाला दोन वाटा, आणि एकदा फुटलेली वाट परत जुळवायची नाही असं ठरवलं, तर दहा वळणांना 1,024 शेवट होतात. वीस वळणांना 10,48,576. कोण लिहिणार, आणि कोण वाचणार? म्हणून लेखक वाटा फोडतात आणि थोड्या अंतरावर परत एकत्र आणतात. मधल्या काळात गेम गुपचूप नोंदी ठेवतो: या माणसाने पैसे घेतले, खोटं बोलला, कुत्र्याला खायला दिलं. पुढे कुठेतरी ती नोंद बाहेर निघते.

शेवट एकच असला तरी निवड फुकट जात नाही. ‘केंटकी रूट झीरो’ नावाचा गेम आहे. 2013 ला पहिला अंक आला आणि पाचवा यायला 2020 उजाडलं, एवढं सावकाश चाललेलं काम. सुरुवातीलाच जुन्या सामानाच्या दुकानाचा एक ड्रायव्हर पेट्रोल पंपावर येतो. सोबत कुत्रा. पंपावरचा म्हातारा कुत्र्याचं नाव विचारतो. उत्तरं तीन. याचं नाव होमर. हिचं नाव ब्लू. किंवा, कुणाचं तरी कुत्रं आहे, नाव माहीत नाही. कुठलंही निवडा, रस्ता तोच आणि पोचायचं ठिकाणही तेच. पण तिसरं उत्तर देणारा ड्रायव्हर वेगळा माणूस असतो, आणि तो तसा का आहे हे तुम्ही मनातल्या मनात रचायला लागता. तुम्ही वर्गात नाटुकलं बसवलं असेल तर मुलांचं हे माहीत असेल. संवाद ठरलेले असतात, पण कसे म्हणायचे हे पोरगं ठरवतं, आणि तेवढ्यावर नाटक बदलतं.

माझ्या लेखी फसवणूक वेगळी. काही गेम पडद्याच्या कोपऱ्यात पाटी दाखवतात, ‘हे अमक्याच्या लक्षात राहील’, आणि पुढे तो अमका सगळं साफ विसरतो. तिथे रागवा, मीही येतो सोबत.

उलटी तऱ्हा बघायची असेल तर नातवाला म्हणा ‘अंडरटेल’ लाव. टोबी फॉक्स यांचा 2015 चा गेम, बहुतेक काम एकहाती. सुरुवातीला टोरिएल नावाची मायाळू बाई तुम्हाला जपते आणि मग वाट अडवते. बरेच जण तिला मारून बसतात, हळहळतात, गेम मागे नेतात आणि पुढच्या खेपेला तिला वाचवतात. झालं गेलं पुसलं असं वाटतं. मग एक फूल समोर येतं आणि म्हणतं, तू काय केलंस ते मला ठाऊक आहे. मागे जाऊन केलेली दुरुस्तीसुद्धा त्या गेमने नोंदलेली असते.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, राहायला उद्यमबागेजवळ. आपल्या सीमाभागावर मराठीत गेम करायचाय. सुरुवातीलाच विचारायचं, महाराष्ट्र की कर्नाटक? त्यावरून दोन वेगळ्या गोष्टी. कोडिंग येतं, लिहिणं जमत नाही. कशात करू? पात्रं शुद्ध मराठी बोलू देत की आपलं?
एक विद्यार्थी, बेळगाव

मित्रा, तो पहिला प्रश्न आधी काढून टाक. सीमाप्रश्नाला कमी लेखतोय असं समजू नकोस. 1956 पासून घराघरात चाललेली आणि 2004 पासून सुप्रीम कोर्टात असलेली गोष्ट आहे ती. पण तू ‘महाराष्ट्र की कर्नाटक’ विचारलंस की खेळणारा विचार करत नाही, मत देतो. घरून ठरवून आलेलं मत. दोन्ही पारडी जड वाटली तर माणूस बटणापाशी थांबतो.

त्यापेक्षा जून महिना घे. पोरगी पहिलीत जाणार. आजोबा म्हणतात मराठी शाळा. ते दर 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत चाललेले. बापाचं छोटं दुकान, तो म्हणतो कन्नड येऊ दे, पुढे नोकरीला अडणार नाही. आई म्हणते इंग्लिश मीडियम, फीचं बघू काहीतरी. यात एकही माणूस चुकीचा नाही. हा प्रश्न शहापूर-वडगावात कुठल्याही गल्लीत दर वर्षी उभा राहतो, आणि उत्तर देणाऱ्याला ते दहा-बारा वर्षांनी कळतं.

म्हणून परिणाम लगेच दाखवू नकोस. फॉर्म भरला, मध्ये गणपती गेले, दिवाळी गेली, आजोबा थकले. पोरगी मोठी झाल्यावर एक दिवस शेताचा उतारा येतो, कन्नडमध्ये. आजोबा तो उलटसुलट धरून बघतात. कन्नड शाळेतली पोरगी तो घडाघडा वाचून दाखवते. पण त्याच संध्याकाळी आजोबांची वही उघडते तेव्हा दुसऱ्या ओळीवर अडते. मराठी शाळेतली वही वाचते आणि उताऱ्यातले सर्व्हे नंबर तेवढे ओळखते. इंग्लिश मीडियमची दोन्ही कागदांचे फोटो काढून मैत्रिणीला पाठवते. प्रसंग एकच, आजोबा तेच, टेबल तेच. तुला तीन गोष्टी लिहायच्या नाहीत, एकाच पानावरचे तीन परिच्छेद लिहायचेत. आणि ‘तुम्ही चुकीचा पर्याय निवडलात’ असं पडद्यावर कुठेही येऊ देऊ नकोस.

बोली आपलीच ठेव. आजीने ‘काय करायलास रे?’ असंच विचारावं. बापाने दुकानात गिऱ्हाइकाला ‘बर्री, कुंद्री’ म्हणावं आणि त्याच दमात आत मराठीत चहा सांगावा. खाली अर्थ लिहू नकोस, प्रसंगातून कळतो.

साधन म्हणशील तर ट्वाइन. ख्रिस क्लिमस यांनी 2009 मध्ये आणलं, फुकट आहे. गोष्टीची पानं चौकटी म्हणून दिसतात, आणि दुहेरी चौकोनी कंसात पुढच्या पानाचं नाव लिहिलं की जोड तयार होते. ‘शाळा = कन्नड’ एवढी नोंद ठेवायला तुला कोडिंगवाल्याला पाच मिनिटं लागतील. मराठीसाठी त्याचा मोठा फायदा असा की गेम ब्राउझरमध्ये चालतो, त्यामुळे जोडाक्षरं नीट दिसतात. काही मोठ्या गेम इंजिनांत, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरांत, देवनागरीची फजिती होऊ शकते. ‘निपाणी’ लिहिलं तर पहिली वेलांटी ‘न’च्या पुढे जाऊन ‘प’ला चिकटते. युनिटीत जायचं तर हे आधी तपासून घे, शंभर पानं लिहून झाल्यावर नव्हे. लिखाण वाढलं की इंक बघ, ‘80 डेज’ करणाऱ्या इंकल कंपनीची भाषा, 2016 पासून सगळ्यांना मोकळी आहे.

अजून एक. ट्वाइन ब्राउझरमध्ये वापरत असशील तर गोष्ट ब्राउझरच्याच पोटात साठते. कुणी हिस्टरी साफ करताना सगळाच डेटा पुसला की गेली. माझ्या दुकानात पोरं रडवेल्या तोंडाने येतात, आणि तेव्हा माझ्याकडेही उपाय नसतो. रोज उठताना फाइल वेगळी उतरवून ठेव.

एक घर, चार माणसं, वीस-पंचवीस पानं. याहून मोठा घाट पहिल्यांदा घालू नकोस.

लॅपटॉप जुना, इंग्रजी जेमतेम. मी काय खेळू?
चिकोडी

भाऊ, फोनवर खेळा. ‘पेपर्स, प्लीज’ 2022 पासून फोनवर आहे आणि त्यात वाचण्यापेक्षा ताडून बघणं जास्त. ‘रेन्स’ 2016 चा. तुम्ही राजा, समोर एकेक माणूस एका वाक्याची मागणी घेऊन येतो, आणि तुम्ही बोटाने पत्ता डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायचा. धर्मपीठ, प्रजा, सैन्य आणि तिजोरी, यातलं काहीही फार कमी झालं तरी राजा मरतो, फार वाढलं तरी मरतो. ‘डिस्को एलिझियम’ कुणी कितीही वाखाणला तरी सध्या नको, त्यात दहा लाखांहून जास्त शब्द आहेत.

थोडं इंग्रजी वाचायची तयारी असेल तर ‘बरी मी, माय लव्ह’, 2017 चा. सीरियातून युरोपकडे निघालेली नूर नवऱ्याला मेसेज करते, आणि नवरा म्हणजे तुम्ही. वाक्यं आपण चॅटवर लिहितो तेवढीच छोटी. ती कधी कधी तासन्तास ऑफलाइन जाते. तेव्हा गेम बिघडला म्हणून काढून टाकू नका, तो तसाच आहे. तुम्ही दिलेल्या सल्ल्यांवरून ती कुठे पोचते ते ठरतं, आणि शेवट एकोणीस आहेत. नोटिफिकेशन तेवढं चालू ठेवा.