गर्दीच्या संघात भाच्याने जावे का?

प्रश्न : माझी बहीण लग्नानंतर टेक्सासमध्ये स्थायिक झाली. तिचा मुलगा तिथे बारावीला असून अमेरिकन फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, म्हणून खेळतो. हंगामात आमचे वडील दर शनिवारी सकाळी सहाला त्याचा सामना मोबाइलवर पाहतात आणि मगच केळीच्या बागेत जातात. भाच्याला खेळाडूंच्या मानांकनात पाचपैकी तीनच तारे आहेत, तरी त्याने एका मोठ्या विद्यापीठाला होकार दिला. तिथे आधीच दहा रिसीव्हर आहेत. एका लहान विद्यापीठाने मात्र पहिल्याच वर्षी खेळवण्याचा शब्द दिला होता. बहीण धास्तावली आहे. वडील म्हणतात, ‘जाऊ दे त्याले.’ आम्ही काय सल्ला द्यावा? – एक वाचक, फैजपूर

उत्तर : आपल्या बहिणीची काळजी रास्त आहे, परंतु नुसत्या दहा या आकड्यावरून काहीच ठरत नाही. मैदानावर एका वेळी बहुधा तीन रिसीव्हर उतरतात आणि तिघांची कामे वेगळी असतात. एक जण बाहेरच्या टोकाला, खेळ जिथून सुरू होतो त्या रेषेवर अगदी उभा राहून समोरच्या बचावपटूची धक्काबुक्की सोसत सुटतो, दुसरा विरुद्ध बाजूला रेषेपासून किंचित मागे असतो, आणि तिसरा, ज्याला स्लॉट म्हणतात, आतल्या गर्दीत शिरून जवळचे चेंडू झेलतो. भाचा यांपैकी कोणत्या जागेचा आहे, त्या जागेवर त्याच्या पुढे किती जण आहेत आणि त्यांतले किती शेवटच्या वर्षाला आहेत, एवढेच मोजावे. शिवाय २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा पुन्हा विद्यापीठ बदलण्यावरचे निर्बंधही सैल झाले, तेव्हापासून अशा याद्या वर्षभरही टिकत नाहीत. पुढची मुले निघून जातात हे खरे. पण रिकाम्या जागेवर दुसरीकडचा अनुभवी खेळाडू आणून बसवला जातो, हेही तितकेच खरे. नवख्या मुलाने आज समोर दिसणाऱ्या दहा जणांपेक्षा या न दिसणाऱ्या अकराव्याची चिंता अधिक करावी.

जस्टिन जेफरसन या नामवंत रिसीव्हरचे उदाहरण बहिणीला जरूर सांगा. २०१७ मध्ये तो लुइझियाना स्टेट विद्यापीठात आला, तेव्हा त्याच्याकडेही तीनच तारे होते आणि पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. दुसऱ्या वर्षी ५४ झेल आणि त्यांतून संघाला पुढे नेलेले ८७५ यार्ड अंतर. तिसऱ्या वर्षी, जमार चेससारखा रिसीव्हर त्याच संघात असताना, जेफरसनने १११ झेल, १,५४० यार्ड आणि १८ टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणे) केले, संघ राष्ट्रीय विजेता ठरला आणि २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला बाविसाव्या क्रमांकावर घेतले. असे भाग्य फार थोड्यांना लाभते, हे मी लपवणार नाही. मात्र झेलाविना गेलेले पहिले वर्ष म्हणजे वाया गेलेले वर्ष नव्हे, एवढे त्यावरून नक्की दिसते.

त्या वर्षात काय करायचे, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. आपल्या वडिलांना पुढच्या शनिवारी एक गोष्ट पाहायला सांगा : चेंडू भाच्याकडे येत नसतो, तेव्हा तो काय करतो? संघातला दुसरा खेळाडू चेंडू घेऊन त्याच्या बाजूने धावत निघाला असता तो समोरच्याच्या छातीवर हात रोवून पाय चालते ठेवतो, की नुसता उभा राहून पाहतो? मागच्या रांगेतल्या रिसीव्हरला आधी संधी मिळते ती अशा अडवणुकीसाठी, किंवा पंटच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे दूर उडवला जातो तेव्हा, सर्वांच्या आधी धावत जाऊन चेंडू घेणाऱ्याला पाडण्यासाठी. २०१८ साली बदललेल्या नियमानुसार चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष विद्यापीठाकडून खेळण्याच्या ठरावीक वर्षांत धरले जात नाही. त्यामुळे प्रशिक्षकही नवख्यांना थोडे थोडे उतरवून पाहतात.

लहान विद्यापीठाला मी कमी लेखत नाही. कूपर कप हा रिसीव्हर ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या दुसऱ्या फळीतल्या विद्यापीठातून आला आणि २०२१ मध्ये झेल, यार्ड आणि टचडाऊन या तिन्हींत एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पहिला आला. माझा आक्षेप आहे तो पहिल्या वर्षी खेळवण्याच्या तोंडी शब्दाला, कारण शब्द देणारा प्रशिक्षक उद्या नोकरी बदलून गेला, तर नव्याला त्या शब्दाचे काहीच बंधन नसते.

मोठ्या विद्यापीठाकडून मात्र शिष्यवृत्ती किती आणि किती वर्षांची, हे लेखी घ्यावे. खेळाडूंना पैसे देण्याविषयीच्या २०२५ च्या न्यायालयीन समझोत्यानंतर त्यात सामील विद्यापीठांत ८५ शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली आणि संघातच १०५ खेळाडूंची मर्यादा आली, त्यामुळे काठावरच्या मुलांची जागा पूर्वीपेक्षा कमी सुरक्षित आहे. हे लेखी मिळत असेल आणि त्याला हवा तो अभ्यासक्रम तिथे असेल, तर माझेही मत आपल्या वडिलांसारखेच आहे : त्याला जाऊ द्यावे.

प्रश्न : हे तारे कोण देते आणि ते कितपत खरे मानावेत? – एक वाचक, धुळे

उत्तर : भरतीवर लक्ष ठेवणाऱ्या खासगी संस्था देतात, विद्यापीठे किंवा विद्यापीठीय खेळांचे नियमन करणारी एनसीएए ही संघटना नव्हे. उंची, वजन, वेग, सामन्यांच्या चित्रफिती आणि शिबिरांतली कामगिरी पाहून ते ठरतात. पाच तारे मिळालेली मुले पुढे व्यावसायिक संघांत जाण्याचे प्रमाण खरोखरच जास्त असते, म्हणून ताऱ्यांना थोतांड म्हणू नये. परंतु उशिरा उंची वाढलेला, शिबिरांना न गेलेला किंवा चेंडू क्वचितच फेकणाऱ्या शाळेत खेळलेला रिसीव्हर या मोजणीतून सहज निसटतो. फैजपूरच्या वाचकांच्या भाच्याची शाळा एका सामन्यात किती वेळा चेंडू फेकते, हे कळले तर त्याच्या तीन ताऱ्यांविषयी मला अधिक नेमके सांगता येईल.