जागरणं, साखर आणि विसरण्याची भीती

प्रश्न : सासूबाईंना काही वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. रात्री दोन-अडीचला उठतात, ‘मला घरी जायचंय’ म्हणत कडी काढायला बघतात. मग मी जागीच. तीनला चहा-बिस्किट, साडेपाचला डबे. यजमानांची सकाळची ड्युटी, म्हणून त्यांना उठवत नाही. सलग झोप चार-पाच तासच होते. वय ४९. गोड खात नाही, तरी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ आलं. हल्ली गॅसवर ठेवलेलं दूध विसरते. मलाही सासूबाईंसारखं होईल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, आधी दुधाचं. अर्धवट झोपेत लक्षच लागत नाही, मग आठवणार काय? दूध उतू गेल्यावर ‘अगं, मीच ठेवलं होतं’ हे कळतंय ना? ते ठेवल्याचंच आठवेनासं झालं किंवा रोजच्या वाटेवर चुकायला लागलात, तर मात्र तपासून घ्या.

साखरेकडे आजच बघा. ६.१ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. शिकागोतल्या संशोधकांनी ११ धडधाकट तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तेवढ्यानंच त्यांची साखर नीट उतरेनाशी झाली. जागरणानं पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, संध्याकाळी उतरायला हवं ते कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढं राहतं आणि भूकही वाढते. तीन वाजताचं बिस्किट तिथूनच आलंय, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका.

स्मृतिभ्रंशाचं म्हणाल, तर ब्रिटनमधल्या जवळपास आठ हजार सरकारी कर्मचाऱ्यांवर २५ वर्षं लक्ष ठेवलं होतं. पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सतत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत हा आजार सुमारे ३० टक्के जास्त दिसला. म्हणजे शंभरातल्या तिसांना झाला असं नव्हे. आठ हजारांत मिळून आजार झाला ५२१ जणांना. कमी झोपेमुळेच झाला, हेही अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. मधुमेह मात्र स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतो, म्हणून साखर आवरलीत की त्या बाजूनंही फायदाच.

आता रात्रीचं. सासूबाईंना सकाळी अंगणात उन्हात बसवा, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, गुडघेदुखी यांनीही असे रुग्ण रात्री उठतात. डॉक्टरांना ते तपासायला सांगा. मेडिकलमधून झोपेची गोळी परस्पर आणून देऊ नका. त्यानं गोंधळ वाढतो, तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं.

आणि यजमानांना उठवा. साडेपाचची ड्युटी तुमचीही आहेच. आठवड्यातल्या निदान तीन रात्री आईजवळ त्यांनी झोपावं आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून. हे औषधाइतकंच आवश्यक आहे. हवं तर हा अंक त्यांच्यापुढे ठेवा. तुम्ही घोरता का, तेही त्यांनाच विचारा. घोरत असाल तर झोपेत श्वास अडकतो का याची तपासणी करावी लागेल. एचबीएवनसी तीन महिन्यांनी पुन्हा करा.