नॉटिंगहॅममधले सहकारी मला ‘नेश’ म्हणतात. याचा अर्थ काय आणि हा शब्द आला कुठून?

आधी मनातली धाकधूक घालवतो: ही शिवी नाही. ‘नेश’ म्हणजे ज्याला गारठा सोसत नाही, चारचौघांपेक्षा लवकर हुडहुडी भरते असा माणूस. तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरातच जाड कोट आणि मफलर घालून कामावर गेलात, तेव्हा शेजारी काम करणारे वयस्कर गृहस्थ हसून तसं म्हणाले, आणि फोनमधल्या शब्दकोशात तो शब्द काही मिळाला नाही. उच्चार ‘फ्रेश’शी यमक जुळेल असा करायचा, ‘ने’ लांबवायचा नाही.

मी काही वर्षं डर्बीत होतो. तिथे हा शब्द पहिल्या हिवाळ्यातच कानावर पडतो. नॉटिंगहॅमशायर, डर्बीशायर, स्टॅफर्डशायर, चेशर, लँकेशायरचा बराचसा भाग आणि शेफील्डच्या आजूबाजूचा यॉर्कशायर, इंग्लंडच्या मधला आणि उत्तरेकडचा हा पट्टा त्याचा आजचा मुलूख. लंडनमध्ये वाढलेल्या माणसाला तो बहुधा समजावून सांगावा लागतो. म्हणून पुष्कळांना वाटतं की ही कुठली तरी गावठी, अलीकडची बोलभाषा असेल. प्रत्यक्षात हा शब्द इंग्रजीच्या सगळ्यात जुन्या ठेव्यातला आहे, आणि तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तोच.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचं रूप ‘ह्नेशे’ असं होतं आणि अर्थ होता ‘मऊ’. नुसता मऊ. थंडीचा काही संबंध नव्हता. त्या काळी शब्दाच्या सुरुवातीला ‘ह’ लागलेली जोडाक्षरं इंग्रजीत सर्रास होती. अंगठी ‘ह्रिंग’ होती, पाव ‘ह्लाफ’ होता, कठीण कवचाचं फळ ‘ह्नुतु’ होतं. पुढे तो ‘ह’ सगळीकडून गळाला आणि रिंग, लोफ, नट उरले. त्याच नियमाने ‘ह्नेशे’चा ‘नेश’ झाला. म्हणजे हा काही बिघडलेला शब्द नाही, त्याची वाढ अगदी रीतसर झालेली आहे.

जुन्या इंग्रजीतल्या बायबलच्या भाषांतरात तो एका फार बोलक्या जागी आलाय. मत्तयाच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात, येशू लोकांना बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाबद्दल विचारतो: तुम्ही रानात काय बघायला गेला होता? मऊ वस्त्रं ल्यालेला माणूस? तसली वस्त्रं घालणारे तर राजवाड्यात असतात. यातल्या ‘मऊ’साठी जुन्या इंग्रजीत हाच शब्द आहे. त्याच्याही आधी, चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपाने बायबल गॉथिक या इंग्रजीच्या नात्यातल्या जुन्या भाषेत नेलं. त्याची सहाव्या शतकातली एक प्रत, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली, स्वीडनमध्ये उप्सालाला जपून ठेवली आहे. गॉथिकमध्येही त्याच वाक्यात याच शब्दाचा चुलतभाऊ येतो: ‘ह्नास्क्वुस’. आता ते वाक्य पुन्हा वाचा. उंटाच्या केसांचं वस्त्र नेसून रानात राहणारा योहान एका बाजूला, मऊ कपड्यांतले महालवासी दुसऱ्या बाजूला. ‘मऊ’ म्हणजे ज्याने कष्ट सोसलेले नाहीत, ही छटा तिथे डोकावते आहेच. जुन्या इंग्रजीत कोवळं, लेचंपेचं, सुखासीन या अर्थांनीही हा शब्द वापरत. तुमच्या सहकाऱ्याच्या थट्टेचं बी मला तिथेच दिसतं.

मग ‘मऊ’ हा मूळ अर्थ गेला कुठे? तो ‘सॉफ्ट’ने घेतला. हा शब्दसुद्धा इंग्रजीतला जुनाच, पण आरंभी त्याचा अर्थ निवांत, सुखद, सौम्य असा होता. हाताला मऊ लागणाऱ्या वस्तूला ‘सॉफ्ट’ म्हणायची चाल साधारण बाराव्या-तेराव्या शतकापासून दिसते. मध्ययुगात काही काळ दोन्ही शब्द नांदले. ‘नेश आणि हार्ड’ अशी जोडीही प्रचारात होती, सुखात आणि दुःखात, कसलीही वेळ आली तरी, अशा अर्थाने. पण हळूहळू ‘सॉफ्ट’ने वस्तूंचा सगळा प्रांत व्यापला आणि प्रमाण इंग्रजीत ‘नेश’ला काम उरलं नाही.

बोलींनी मात्र तो टाकला नाही. त्याला नेमकं काम दिलं. वस्तूचा मऊपणा सुटला, माणसाचा राहिला: नाजूक प्रकृतीचा, भित्रा, आणि शेवटी मुख्यतः थंडी न सोसणारा. टॉमस हार्डीच्या 1887 सालच्या ‘द वुडलँडर्स’ कादंबरीत एक पात्र म्हणतं की मुलीला इतकी वर्षं बोर्डिंग शाळेत ठेवलं तर ती आईसारखीच ‘नेश’ होईल. तिथे अर्थ नाजूक, हलक्या प्रकृतीची असा आहे. आणि हार्डीचा मुलूख दूर नैर्ऋत्येकडचा, डॉर्सेटचा, म्हणजे तेव्हा हा शब्द आजच्यापेक्षा बराच दूरवर पसरलेला होता. कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स तर तुमच्या शेजारचाच. नॉटिंगहॅमजवळच्या ईस्टवुडमध्ये एका खाणकामगाराच्या घरी तो 1885 साली जन्मला. त्याच्या 1913 सालच्या ‘सन्स अँड लव्हर्स’मध्ये खाणकामगार नवरा थंडीत अंग धूत असताना बायकोला ऐकवतो की तू असतीस तर ताठ होऊन पडली असतीस, कारण तुझं अंग ‘नेश’ आहे.

अर्थ नेमका थंडीवरच का येऊन थांबला? माझं मत सांगतो. आज हा शब्द जिथे घट्ट रुजलाय तिथे कोळशाच्या खाणी होत्या, पोलादाच्या भट्ट्या होत्या, स्टोकसारख्या गावात चिनी मातीच्या भांड्यांचे कारखाने होते. पहाटे थंडीतून पायी कामावर जायचं, घामेजल्या अंगाने पुन्हा थंडीतूनच परतायचं. अशा ठिकाणी माणूस सोशीक आहे की नाही हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठरायचं, आणि कोट हे त्याचं सर्वांत सोपं माप होतं.

हे सगळं आज सांगता येतं याचं मोठं श्रेय एका माणसाला जातं, आणि त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. जोसेफ राइट, जन्म 1855, ब्रॅडफर्डजवळचं थॅकली. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीत गाढवाची गाडी हाकत होता. मग सॉल्टेअरच्या कापडगिरणीत लागला. पंधरा वर्षांचा झाला तरी अक्षरओळख नव्हती. गिरणीत सोबतीचे कामगार वर्तमानपत्रातून फ्रान्स आणि प्रशियाच्या युद्धाच्या बातम्या मोठ्याने वाचायचे, आणि आपल्याला वाचता येत नाही याची त्याला बोच लागली. तो वाचायला शिकला, रात्रशाळेत गेला, पैसे साठवून जर्मनीत हायडलबर्गला पोचला आणि 1885 साली तिथून डॉक्टरेट घेऊन आला. 1901 साली तो ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याच पदावर त्याच्याआधी माक्स म्युलर होते, ज्यांचं नाव ऋग्वेदामुळे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. 1892 या एकाच वर्षी राइटची दोन पुस्तकं निघाली: एक गॉथिक भाषेवरचं, दुसरं लहानपणी बोललेल्या विंडहिलच्या बोलीचं व्याकरण. आणि 1898 ते 1905 या काळात सहा खंडांचा इंग्रजी बोलींचा शब्दकोश. त्यात ‘नेश’ कुठल्या परगण्यात कुठल्या अर्थाने बोलतात हे उदाहरणांसह नोंदवलेलं आहे. गिरणीत जी बोली तोंडात होती तिला त्याने ऑक्सफर्डमध्येही अशुद्ध मानलं नाही.

गंमत म्हणजे त्याच 1905 साली ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीचा खंड निघाला. त्यात वऱ्हाडी आहे, कोकणातल्या बोली आहेत, गावोगावच्या बोलण्याचे नमुने आहेत. वऱ्हाडीत किंवा मालवणीत बोलताना ‘नीट बोल’ असं ज्यांनी ऐकून घेतलंय, त्यांना ‘नेश’ची दशा वेगळी समजावून सांगायला नको.

आता वापराविषयी. ‘नेश’ हा हवामानाचा शब्द नाही, स्वभावाचा आहे. खरोखरच काकडला असाल तर तिथली जुनी माणसं वेगळा शब्द वापरतात: ‘स्टार्व्ड’. तो ऐकून तुम्ही भुकेले आहात असं समजून कोणी खायला पुढे केलं, तर तो माणूस बहुधा दक्षिणेकडचा. हा शब्द मुळात ‘मरणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा, जर्मनमध्ये ‘श्टेर्बन’ आजही त्याच अर्थाने आहे. प्रमाण इंग्रजीत तो भुकेने मरण्यापुरता उरला, उत्तरेत थंडीने गारठण्यापुरता. आणखी एक शब्द लवकरच कानावर येईल, ‘मार्डी’. तो थंडीचा नाही. रुसून बसणाऱ्या, कुरकुऱ्या माणसाला तसं म्हणतात, आणि त्यात ‘नेश’पेक्षा जास्त बोचरेपणा असतो. ‘नेश’च्या पुढे ‘डक’ जोडला असेल तर तो बदकाचा उल्लेख नव्हे, तिकडची आपुलकीची हाक आहे. त्या गृहस्थांना ‘हो, आहे मी नेश’ असं खुशाल सांगा, कोट अंगावर राहू द्या, आणि त्यांच्या घरी हा शब्द कोण आणि कशाकशाला वापरायचं ते जरूर विचारा. कोणाच्या आजीच्या तोंडी राइटने नोंदवलेला एखादा जुना अर्थ अजून असू शकतो.