सॅपरला प्राचार्य व्हायचंय

प्रश्न : मी सैन्याच्या कोअर ऑफ इंजिनिअर्समध्ये मेजर आहे, म्हणजे सॅपर, लष्करी इंजिनिअर. सिव्हिलमध्ये बीई करून टेक्निकल एंट्रीतून शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवर आलो. पुढच्या वर्षी १० वर्षं पूर्ण होतील. वाढीव ४ वर्षं घ्यायची नाहीत. मला शिकवायचंय आणि पुढे एखादी तंत्रशिक्षण संस्था चालवायचीय. घरचे म्हणतात, फौजी माणूस कॉलेजात रमत नाही. सर, तुम्हीही सॅपरच. सैन्यातलं काय उपयोगी पडलं?
– एक मेजर

उत्तर : आधी कागदांचं बोलू, कारण आपले बरेच जण तिथेच अडकतात. नुसत्या बीईवर इंजिनिअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक होता येत नाही; एमई किंवा एमटेक लागतं आणि दोन्हींपैकी एका पदवीला प्रथम वर्ग. प्राचार्यपदासाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या २०१९च्या नियमांत पीएचडी आहे, किमान १५ वर्षांचा अनुभव आहे, आणि त्यातली ३ वर्षं प्राध्यापकाच्या दर्जाच्या पदावरची हवीत. शोधनिबंध आणि मार्गदर्शनाच्या अटी वेगळ्या. तुमची सैन्यातली वर्षं त्यात कशी धरणार, हे प्रत्येक संस्थेकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. एमटेकचे फॉर्म या वर्षीच भरा.

आता तुमचा खरा प्रश्न. मी विभागप्रमुख झालो तेव्हा पहिल्याच महिन्यात नोटीस काढली : वर्कशॉप संध्याकाळी सातपर्यंत उघडं राहील. सगळ्यांनी सह्या केल्या. तीन आठवड्यांनी सहज डोकावलो, तर दिवे चालू, यंत्रं पुसलेली आणि विद्यार्थी एकही नाही. आमचे जुने लॅब असिस्टंट होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘सर, शेवटची बस साडेपाचला जाते. पोरं थांबली तर घरी कशी जाणार?’’ मला फार लागलं ते. नदीवर पूल टाकायचा असता तर मी रेकी, म्हणजे जागेची आधी पाहणी, केल्याशिवाय एक पॅनेलसुद्धा ट्रकमधून उतरवू दिलं नसतं. दोन्ही काठ पाहिले असते, माती पाहिली असती. इथे मी काठच पाहिला नव्हता. वर्कशॉपचे तास मग दुपारी आणले आणि वेळापत्रकच हलवलं. तेव्हापासून नवं काही सुरू करण्याआधी मी आधी शिपाई, लॅब असिस्टंट आणि शेवटच्या बाकावरची मुलं यांच्याशी बोलतो. हुकूम सुटला की काम होतं, ही सवय तुम्हाला सोडावी लागेल. रेकीची सवय मात्र घेऊन या.

आणि हातांनी शिकणं घेऊन या. बेली ब्रिज, म्हणजे सुटी पोलादी पॅनेलं जोडून उभारायचा पूल, तुम्ही टाकलाच असेल. १० फूट लांब, ५ फूट उंच पॅनेल, सहा जवान उचलतात. क्रेनशिवाय रोलरवरून अख्खा पूल पुढे ढकलायचा. पुढे लाँचिंग नोज, म्हणजे ढकलण्यापुरता जोडलेला हलका सांगाडा, मागे वजन. नोज पलीकडच्या काठाला टेकेपर्यंत गुरुत्वमध्य रोलरच्या अलीकडेच राहिला पाहिजे. मी हाच पूल लाकडी पट्ट्यांचा करून दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला दिला. एका गटाने हिशेब न करताच ढकलला आणि मॉडेल तोंडावर वाळूत पडलं. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ती चार मुलं रोलरभोवतीचे मोमेंट, म्हणजे वजन गुणिले अंतर, मांडून घेऊन आली, नोज किती लांब हवं ते सांगायला. ‘मोमेंट कशाला शिकायचे’ हा प्रश्न त्या वर्गात पुन्हा आला नाही.

घरच्यांना सांगायला एक गोष्ट देतो. फर्स्ट इयरला मुलं जे इंजिनिअरिंग ड्रॉइंग करतात, त्याच्या मुळाशी गॅस्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाची भूमिती आहे. मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत किल्ल्यांच्या बांधणीसाठी त्याने ती मांडली आणि लष्कराने ती बरीच वर्षं गुप्त ठेवली. हाच मोंज पुढे १७९४मध्ये पॅरिसला एकोल पॉलिटेक्निक उभारणाऱ्यांत होता. तिथे तो हा विषय खुलेपणाने शिकवू लागला. आपल्याकडे रुरकीचं कॉलेज १८४७मध्ये सुरू झालं तेव्हा गंगा कालव्याचं काम चालू होतं आणि त्यासाठी माणसं तयार करायची होती. पहिले प्राचार्य रॉबर्ट मॅक्लेगन बंगाल इंजिनिअर्सचे लेफ्टनंट होते. म्हणजे ही वाट आपल्यासाठी नवी नाही.

सुटण्याआधी जमलं तर पुण्यात दापोडीला सीएमईत, म्हणजे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये, किंवा एखाद्या ट्रेनिंग सेंटरला इन्स्ट्रक्टरची पोस्टिंग मागा. समोरचा चुकतोय हे दिसत असताना गप्प राहणं जमतं का, ते तिथे कळेल. मला दोन वर्षं लागली. तुम्ही केलेल्या रस्त्यांच्या आणि पुलांच्या कामांत काय बिघडलं आणि का, याची आठवण ताजी आहे तोवर एक वही करा. गोपनीय ते वगळून. मी अशी वही ठेवली नाही. वर्गात उदाहरण देताना आकडे आठवत नाहीत, तेव्हा ती फार हवीशी वाटते.